‘देव नाही’ म्हणताना आपण काय नाकारतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)



‘नास्तिक लोक देवाची व्याख्या कशी करतात?’ हा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. एकीने विचारलंही, की जे नाहीच म्हणायचं त्याची व्याख्या कशाला करत बसायचं? प्रश्न रास्त आहे. पण ‘घरात मांजर नाही’ असं कुणी म्हणतं तेव्हा मांजर म्हणजे काय हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. देवाच्या बाबतीत तसं होत नाही. एकजण देव म्हणते तेव्हा तिच्या मनात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण असतो, दुसरीच्या मनात जगाचा निर्माता असतो आणि तिसरी म्हणते, ‘देव म्हणजे चांगुलपणा गं!’ मग ‘देव नाही’ हे वाक्य तिघींना वेगवेगळं ऐकू येतं. तिसरीला वाटतं, ही बाई चांगुलपणाच नाही म्हणते आहे. आपल्या गटांत या विषयावरून जे रुसवेफुगवे होतात, त्यांतले निम्मे इथेच सुरू होतात.

आपल्याला हा विषय टाळताही येत नाही. सल्ला केंद्रात येणारी दर दुसरी बाई बोलण्यात देव आणते. ‘देवानंच भोग लिहिलाय,’ ‘देवाब्राह्मणासमोर लग्न लागलंय, कसं मोडू?’, ‘वरचा बघतोय सगळं.’ आपण काय करतो? कुणी मान डोलावते, कुणी चिडून तिचं प्रबोधन करायला घेते. दोन्ही वेळा तिच्या त्या शब्दात काय भरलेलं आहे हे आपण पाहत नाही. म्हणून आज जरा सावकाश पाहू.

आधी शब्दाकडे वळू. ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा, हा अर्थ आज आपण गृहीत धरतो. आपल्याकडे तो पूर्वापार तसा नव्हता. पाणिनीच्या व्याकरणात ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द ‘आहे’ आणि ‘नाही’ असं मत असणाऱ्यांसाठी सिद्ध केले आहेत आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ परलोक आहे की नाही असा लावला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरवलं. या दोन्ही ठिकाणी देवाचा प्रश्नच नाही. म्हणून तर जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारं जुनं सांख्य दर्शन आस्तिक ठरलं. पूर्वमीमांसेचंही तसंच. यज्ञाचा एवढा आग्रह धरणारे मीमांसक, पण त्यांच्यातल्या कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त निर्मात्या ईश्वराची कल्पना खोडून काढली आहे. सृष्टीच नव्हती तेव्हा ती निर्माण होताना पाहिली कुणी? ज्याला शरीर नाही त्याला इच्छा कशी झाली? आणि तो दयाळू होता तर दुःखाने भरलेलं जग त्याने का केलं? इतकं विचारूनही कुमारिल आस्तिकच राहिला, कारण त्याने वेद मानला. बौद्ध, जैन आणि चार्वाक मात्र नास्तिक ठरले.

म्हणजे हा शब्द मुळात कुणाचा अधिकार मानता आणि कुणाचा मानत नाही, याबद्दलचा होता. आता यात बायका कुठे बसतात? त्याच मनुस्मृतीने स्त्रियांना मंत्राचा अधिकार नाकारला. जो ग्रंथ उच्चारायचीही मुभा नाही, तो मानता की नाही हा प्रश्न आपल्याला कुणी विचारलाच नव्हता. आस्तिक-नास्तिकाच्या यादीत आपलं नाव घालण्याची गरज कुणाला वाटली नाही. आपल्याला व्रतं दिली गेली. विचार करण्याचं काम दुसरीकडे चालू होतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नास्तिकांनी देवाच्या कल्पनेकडे कसं पाहिलं याचे मला पाच प्रकार दिसतात. अभ्यासकांनी अधिक बारकावे केले असतील, पण आपल्या कामासाठी एवढे पुरेत.

पहिला प्रकार म्हणजे देव हा एक दावा आहे. दावा करणाऱ्याने तो स्पष्ट करावा आणि सिद्ध करावा, न मानणाऱ्यावर ती जबाबदारी नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा नास्तिक पुढारी होऊन गेला. त्याचं म्हणणं असं होतं, की देव नाही असं विधान मी करत नाही, तुम्ही देव हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता तेच मला कळत नाही, आधी ते सांगा. १८८० साली तो संसदेवर निवडून आला. पण शपथेच्या प्रश्नावरून त्याला जागेवर बसू देण्यात आलं नाही. पुन्हा पुन्हा निवडून आल्यावर १८८६ साली त्याला ती जागा मिळाली. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो आला होता. त्याच अधिवेशनाला स्त्री प्रतिनिधी हजर होत्या आणि त्यांत पंडिता रमाबाई होत्या.

या पद्धतीने देवाची एक ठरावीक व्याख्या तपासायला घेतली जाते. सगळं करू शकणारा, सगळं जाणणारा आणि पूर्ण दयाळू असा तो देव. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला, त्यात हाच प्रश्न आहे. सर्वशक्तिमान देव गुन्हा करणाऱ्याचा हात आधीच का धरत नाही? इतकं दुःख असलेलं जग त्याने का केलं? फाशी समोर दिसत असताना तो तरुण हे लिहीत होता, आणि संकटात देव आठवतो म्हणतात तसं आपण करणार नाही, असंही त्याने लिहून ठेवलं.

हा प्रश्न आपल्या बायका तत्त्वज्ञान न शिकता विचारतात. ‘मी त्याचं काय वाकडं केलं होतं?’ असं एखादी म्हणते तेव्हा ती भगतसिंगांचाच प्रश्न विचारत असते. फरक एवढाच, की तिला लगेच उत्तर देणारे आजूबाजूला तयार असतात. ते सांगतात, ‘मागच्या जन्मीचं पाप.’ या उत्तराने देव सुटतो, नवरा सुटतो आणि ती बाई आरोपी ठरते.

दुसरा प्रकार म्हणजे देव हे सत्तेचं नाव आहे. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आपल्यापर्यंत फारसे पोचलेले नाहीत. त्यांची मतं विरोधकांनी लिहून ठेवली तेवढी हाती आहेत. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच प्रकरण चार्वाकांवर आहे. तिथे त्यांचं मत असं दिलं आहे, की जो सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो तो राजा हाच परमेश्वर. या वाक्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं. शिक्षा आणि बक्षीस देणारा कुणी प्रत्यक्ष असेल तर तो राजा, आकाशात कुणी नाही, हा साधा अर्थ. मला त्याच्या पुढचा अर्थही दिसतो. देवाचं जे वर्णन आपण करतो, म्हणजे तो रागावतो, त्याला नवस लागतो, त्याच्या दारात वाकून जावं लागतं, ते सगळं वर्णन राजाचं आहे.

आणि घरातलं वर्णन करायचं तर नवऱ्याचं आहे. ‘पतिपरमेश्वर’ हा शब्द आपण सहज वापरतो. देव वरून खाली आणून नवऱ्याला चिकटवला, की नवऱ्याला वर नेऊन देव केला? कसंही असो, आज्ञा द्यायची आणि जाब द्यायचा नाही, ही दोघांची समान खूण आहे. तमिळनाडूत पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीने ही खूण नेमकी ओळखली. त्यांनी पुरोहित आणि मंत्र वगळून लग्नं लावायला सुरुवात केली. तमिळनाडू सरकारने १९६७ साली कायदा करून या लग्नांना मान्यता दिली. रामस्वामींना ‘पेरियार’ ही पदवी १९३८ साली मद्रासला भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेने दिली. देव नाकारणारा माणूस बायकांना आपला वाटला, कारण देवाबरोबर तो लग्नातली मालकीही नाकारत होता.

तिसऱ्या प्रकारात देव ही माणसाचीच प्रतिमा ठरते. जर्मनीतल्या लुडविग फॉयरबाखने १८४१ साली ख्रिस्ती धर्माच्या साराबद्दल एक ग्रंथ लिहिला. माणूस आपल्यातलं उत्तम ते सगळं, म्हणजे प्रेम, न्याय, ज्ञान, स्वतःपासून वेगळं काढतो, आकाशात ठेवतो आणि मग त्याच्यापुढे गुडघे टेकतो, अशी त्याची मांडणी आहे. देवाबद्दलचं बोलणं हे मुळात माणसाबद्दलचं बोलणं आहे, असं तो म्हणतो. या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८५४ साली मेरियन इव्हान्स या बाईने केलं. पुढे तिने कादंबऱ्या लिहिल्या त्या जॉर्ज इलियट या पुरुषी नावाने. या भाषांतरावर मात्र तिने स्वतःचं नाव घातलं होतं. आपल्याकडे आगरकरांनीही देवतांच्या उत्पत्तीवर लिहिताना, माणसाची भीती आणि कल्पनाशक्ती यांतून देव कसे घडले हे सांगितलं.

इथे आपण बायकांनी थांबून विचारायला हवं, की देव माणसाची प्रतिमा असेल तर कुठल्या माणसाची? फॉयरबाख म्हणतो ‘माणूस’. पण ग्रंथ लिहिणारे, मूर्ती घडवणारे आणि पौरोहित्य करणारे बहुतेक पुरुषच होते. अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटनने काही स्त्रियांना बरोबर घेऊन १८९५ आणि १८९८ साली ‘द वुमन्स बायबल’चे दोन भाग काढले आणि बायबलातल्या स्त्रीविषयक उताऱ्यांची झाडाझडती घेतली. मताधिकार मागणाऱ्या तिच्या स्वतःच्या संघटनेनेच त्या पुस्तकापासून अंग काढून घेतलं. पुढे १९७३ साली मेरी डेली या स्त्रीवादी विदुषीने बापाच्या रूपातल्या देवावर पुस्तक लिहिलं. देवाला पुरुष ठरवलं की पृथ्वीवरच्या पुरुषाला आपोआप देवाचा हुद्दा मिळतो, असा तिचा मुद्दा होता.

यावर आपल्याकडे हमखास सांगतात, ‘आमच्यात देवी आहेत. आमचं तसं नाही.’ यावर संविधान सभेतला एक प्रसंग सांगते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा होती. ह. वि. कामत यांनी सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी अशी दुरुस्ती मांडली. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले. आपण शक्तीचे उपासक आहोत, तेव्हा ‘देवीच्या नावाने’ असं म्हणावं, असा त्यांचा आग्रह होता. पूर्णिमा बॅनर्जी या सदस्य होत्या. देव बहुमताने ठरवण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका, अशी विनंती त्यांनी कामतांना केली. कामतांनी मतदान मागितलंच. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मतं पडली. म्हणून आपली उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ अशी सुरू होते. त्या ६८ जणांत देव मानणारे पुष्कळ असणार. देव मानूनही कायद्याला देवाचा आधार नको, असं म्हणता येतं हे त्यांनी दाखवून दिलं.

राहिला देवीचा मुद्दा. देवीच्या मूर्तीला साडी-चोळी, ओटी, दागिने. आणि पाळी आली की तिच्याच गाभाऱ्याच्या पायरीवर बाईला मज्जाव. प्रतिमा स्त्रीची असली तरी तिची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते पाहावं लागतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुलींचं पुढे काय होत आलं ते या खोलीत बसलेल्यांना मी सांगायला नको. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. देवी एवढी समर्थ होती, पण त्या मुलींसाठी कायदाच करावा लागला.

चौथ्या प्रकारात देव म्हणजे दुःखावरचा उतारा. कार्ल मार्क्सने धर्माला अफू म्हटलं हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच ठिकाणी त्याने धर्माला पिचलेल्या माणसाचा सुस्काराही म्हटलं आहे, ते बहुतेकजण विसरतात. अफू त्या काळी वेदना थांबवायलाही देत असत. म्हणजे त्याचा रोख असा, की दुखणं खरं आहे, औषध खोटं आहे, आणि दुखणं तसंच ठेवून नुसती अफू हिसकावून घेऊ नका. फ्रॉइडने १९२७ साली हेच मानसशास्त्राच्या बाजूने मांडलं. लहानपणी बाप जसा धाक आणि आधार दोन्ही देतो, तसा मोठेपणी लागणारा बाप म्हणजे देव, असं तो म्हणाला.

वस्तीत काम करताना या चौथ्या प्रकाराशी आपला रोज संबंध येतो. मंगळवारी देवीला, गुरुवारी मठात, संकष्टीला गणपतीला. आपण म्हणतो, किती ही अंधश्रद्धा! पण तिला घराबाहेर पडायचं दुसरं कुठलं कारण चालतं, ते सांगा. मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर सासू विचारते, ‘कशाला?’ देवळात जाते म्हटलं की कुणी विचारत नाही. दोन तास ती मोकळी बसते, चार बायका भेटतात.

अंगात येण्याचंही तसंच आहे. बाई म्हणून तिने सांगितलं, ‘मला मारू नका,’ तर कुणी ऐकत नाही. केस मोकळे सोडून तीच बाई देवी म्हणून घुमायला लागली की सासरा हात जोडून उभा राहतो. ती ढोंग करते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बहुतेक वेळा ती ढोंग करत नसते. बाई म्हणून बोलायला जागा नसलेलं सगळं त्या रूपात बाहेर येतं. नास्तिक म्हणून मी तिथे देवी आली असं म्हणणार नाही. पण तिच्या तोंडून काय आलं ते मी नीट ऐकेन. ते ऐकण्यासारखंच असतं.

पाचवा प्रकार आंध्रच्या गोरांचा. गोपराजू रामचंद्र राव हे त्यांचं पूर्ण नाव. त्यांनी आणि सरस्वती गोरांनी १९४० साली मुदुनूर गावात नास्तिक केंद्र काढलं, पुढे १९४७ साली ते विजयवाड्याला नेलं. देव आहे की नाही या वादात त्यांना फार रस नव्हता. देव म्हणजे माणसाची गुलामीची वृत्ती, आपल्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकण्याची सवय, आणि नास्तिकता म्हणजे ती जबाबदारी परत स्वतःकडे घेणं, असं ते मांडत. म्हणून त्यांचं काम सहभोजनं, अस्पृश्यतानिवारण, आंतरजातीय विवाह असं होतं. गरोदरपणी ग्रहण पाहू नये हा समज मोडायला सरस्वतीबाई स्वतः गरोदर असताना ग्रहणात बाहेर फिरल्या. त्यांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं. ते सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी कबूल केलं, तेही देवाऐवजी सत्याच्या नावाने. गांधीजींची हत्या झाली, पण मार्च १९४८ मध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. ‘ईश्वर हेच सत्य’ म्हणणारे गांधीजी १९३१ पर्यंत ‘सत्य हाच ईश्वर’ असं म्हणू लागले होते, आणि त्याचं एक कारण त्यांनीच दिलं होतं, की सत्य नाकारायला नास्तिकही तयार नसतात.

ही पाचवी व्याख्या मला सगळ्यांत उपयोगाची वाटते, कारण ती नास्तिकांनाही लागू पडते. आपल्या चळवळींत देव न मानणारे पुरुष कमी नाहीत. त्यांच्या घरी भाकरी कोण थापतं? ‘माझ्या घरात देव्हारा नको’ असं तो ठणकावतो तेव्हा ‘माझ्या घरात’ हे शब्द ऐका. बायकोला विचारलं होतं का? तिची पटण्याची वेळ आली होती का? देव्हारा काढला आणि त्या जागी स्वतः बसला, तर गोरांच्या व्याख्येने त्या घरातला देव गेलेला नाही. मूर्ती फक्त बदलली.

बाईने नास्तिक होण्याची किंमतही वेगळी असते. ॲनी बेझंट आपल्याला होमरूलमुळे माहीत. त्याआधी ती इंग्लंडमध्ये उघड नास्तिक होती, ब्रॅडलॉची सहकारी होती. धर्मोपदेशक नवऱ्यापासून ती १८७३ साली वेगळी झाली. १८७७ साली दोघांनी संततिनियमनाची पुस्तिका छापली म्हणून खटला झाला. पुढच्याच वर्षी कोर्टाने तिची मुलगी तिच्याकडून काढून नवऱ्याकडे दिली. कारण काय, तर आई नास्तिक आणि असलं पुस्तक छापणारी. त्याच प्रकरणात ब्रॅडलॉवरही खटला झाला, पण बापपणावर आच आली नाही. बेझंट पुढे १८८९ साली थिऑसॉफीकडे वळली, तो तिचा निर्णय. पण मूल काढून घेणारा तो न्याय आपण लक्षात ठेवू. आजही मुलाच्या ताब्याच्या वादात ‘ती कुंकू लावत नाही, सण करत नाही’ असं सासरचे सांगतातच.

दुसरी अर्नेस्टीन रोझ. १८१० साली पोलंडमध्ये एका ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मली. बापाने परस्पर लग्न ठरवलं आणि आईकडून आलेली मालमत्ता त्यात गुंतवली, तेव्हा सोळा वर्षांची ही मुलगी कोर्टात जाऊन आपला हक्क मिळवून आली. पुढे अमेरिकेत विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी तिने वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या. न्यूयॉर्कमध्ये तो कायदा १८४८ साली झाला. १८६१ साली बोस्टनला तिने नास्तिकतेच्या बाजूने जाहीर व्याख्यान दिलं. मूल जन्मतः देव मानत नसतं, त्याला तो शिकवावा लागतो, असं तिने तिथे सांगितलं. तिच्या आयुष्यात मालमत्तेचा प्रश्न आणि देवाचा प्रश्न वेगळे नव्हते. दोन्ही ठिकाणी ती एकच विचारत होती, की माझ्या वतीने हे कुणी ठरवलं?

आपल्याकडे र. धों. कर्वे उघड नास्तिक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. मूल देव देतो की शरीर, याचं उत्तर बदललं की बाईला ‘आता नको’ म्हणता येतं. देवाच्या व्याख्येचा आपल्या गर्भाशयाशी इतका सरळ संबंध आहे.

आता आपल्या भूमिकेबद्दल. पहिला प्रश्न नेहमी येतो, की देव न मानणाऱ्या आपण देऊळप्रवेशाच्या लढ्यात का उतरायचं? शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी २००० साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सत्याग्रह पुकारला. त्यात नरेंद्र दाभोलकर, एन. डी. पाटील आणि देवाला निवृत्त करा म्हणणारे श्रीराम लागू होते. तेव्हाही हाच टोमणा मारला गेला. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, जिथे पुरुषांना प्रवेश तिथे बाईला अडवता येणार नाही, असं स्पष्ट केलं आणि त्या एप्रिलमध्ये चौथरा खुला झाला. शबरीमलाच्या खटल्यात २८ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधी मत पीठातल्या एकमेव स्त्री न्यायाधीशांचं, इंदू मल्होत्रा यांचं होतं. श्रद्धेच्या बाबतीत तर्काची फूटपट्टी न्यायालयाने लावू नये आणि ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी दाद मागू नये, असा त्यांचा रोख होता. पुढे हा वाद मोठ्या पीठाकडे गेला.

त्या मताला उत्तर द्यायला हवं. माझं उत्तर असं, की चौथऱ्यावर काय आहे याबद्दल आमचा वाद नाही. बाई अपवित्र असते असं सांगणारी पाटी सार्वजनिक जागेत लागली, तर ती प्रत्येक बाईबद्दल बोलते. जी आत जाणार नाही तिच्याबद्दलही बोलते. वरचे पाच प्रकार आठवा. इथे आपण दुसऱ्या अर्थाच्या देवाशी, सत्तेशी भांडतो. चौथ्या अर्थाचा देव जिला हवा, तिने तो खुशाल ठेवावा.

दुसरा प्रश्न कायद्याचा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. ‘हा कायदा देवाविरुद्ध आहे’ असा प्रचार अजून ऐकू येतो. कायद्यात देवाची व्याख्याच नाही. अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं दिली आहेत आणि ती करणं गुन्हा आहे. अंगात शक्ती आहे असं भासवून, किंवा मूल होईल असं सांगून बाईचं लैंगिक शोषण करणं त्यांत येतं. आपल्या प्रत्येक केंद्रात ही अनुसूची भिंतीवर लावलेली असावी.

तिसरा, न मानण्याचा हक्क. शपथ ईश्वरसाक्ष घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, हा पर्याय संविधानातच आहे. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. त्यात कुठलाही धर्मविधी लागत नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने, सरकार कुणालाही अर्जात धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही आणि ‘मी कुठल्याही धर्माची नाही’ असं म्हणता येतं, असा निकाल दिला. हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं. वापरायचं की नाही, त्या ठरवतील.

शेवटी, समोर बसलेल्या बाईचं काय? मी माझ्यापुरती एक रीत ठरवली आहे, ती तुमच्यापुढे ठेवते. ती ‘देव’ म्हणाली की देव आहे की नाही हा वाद काढायचा नाही. तिच्या वाक्यात देव काय काम करतो आहे तेवढं पाहायचं. ‘देवाने भोग लिहिला’ म्हणाली, तर तिथे देव नवऱ्याच्या जागी उभा आहे. मग विचारायचं, ‘हात कुणी उचलला, देवाने की त्याने?’ एवढ्या प्रश्नानेच पुष्कळदा बोलणं सुरू होतं. ‘वरचा बघतोय’ म्हणाली, तर तिला साक्षीदार हवा आहे. आपण तिचा जबाब नीट लिहून घ्यावा, तारीख-वार घालावा, दवाखान्याचा कागद जोडावा, म्हणजे इथेही कुणीतरी पाहिलं याची नोंद राहील. ‘देवळात जरा बरं वाटतं’ म्हणाली, तर तिला विसावा हवा आहे. तो आपल्या केंद्रात मिळतो का, की इथेही ती आली की आपण तिला फॉर्म भरायला बसवतो, याचा विचार आपण करायचा.

आणि तिने उलट विचारलं, ‘ताई, तुम्ही देव मानता का?’ तर खोटं बोलू नये. ‘नाही मानत’ असं सरळ सांगावं, आणि का ते ती विचारेल तेवढंच सांगावं. मी असं सांगते. आजवर त्या कारणाने एकही बाई उठून गेलेली नाही. काहीजणी नंतर, केस संपल्यावर, चहा घेताना परत तो विषय काढतात.

मी पुष्कळ बोलले. दुपारच्या सत्रात गटचर्चा आहे. या पाचांतली कुठली व्याख्या तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत रोज भेटते, आणि सहावी एखादी सापडते का, ते प्रत्येक गटाने मांडावं. मला त्या सहावीची उत्सुकता आहे. इथे थांबते.